मुक्त आणि मोफत : सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याचा एक इतिहास

१

इंग्रजी भाषेत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ज्याला किंमत पडत नाही ते फ्री, आणि ज्याच्यावर कोणाचा ताबा नाही तेही फ्री. मराठीत ह्यासाठी दोन शब्द आहेत : मोफत आणि मुक्त. मोफत मिळालेली वस्तू घेणाऱ्याला मुक्त करतेच असे नाही. कित्येकदा ती त्याला देणाऱ्याचा मिंधा करून ठेवते. हा फरक समजून घेण्यासाठी आमच्या वाचकाला शब्दकोश उघडावा लागत नाही.

संगणकाच्या क्षेत्रात ह्या दोन अर्थांवरून गेली चाळीस वर्षे एक वाद चालू आहे. वरवर पाहता तो तंत्रज्ञांचा घरगुती वाद वाटतो. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा आहे. यंत्र माझ्या घरात आहे, माझ्या पैशाने घेतलेले आहे. मग त्याने काय करावे, हे ठरवणार कोण? रेशन, पेन्शन, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती ही सारी आज संगणकाच्या दारातून येतात. अशा वेळी हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. प्रस्तुत लेखक संगणकाचा केवळ हौशी अभ्यासक आहे आणि ह्या वादात तो तटस्थ नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

विषयात शिरण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सॉफ्टवेअर दोन रूपांत असते. माणूस ते लिहितो तेव्हा ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत असते. त्याला मूळ संहिता, अर्थात सोर्स कोड, म्हणतात. यंत्राला ते चालवता यावे म्हणून त्याचे शून्य आणि एक ह्या अंकांच्या लांबच लांब रांगांत रूपांतर केले जाते. हे दुसरे रूप यंत्र निमूटपणे पाळते. माणसाला मात्र ते वाचून त्यातून अर्थ लावणे जवळजवळ अशक्य असते. ज्याला केवळ हे दुसरे रूप मिळाले, तो सॉफ्टवेअर वापरू शकतो. पण ते आत काय करते हे तपासू शकत नाही, त्यातली चूक दुरुस्त करू शकत नाही. मूळ संहिता कोणाला वाचू द्यायची आणि कोणाला नाही, ह्या प्रश्नाचा इतिहास म्हणजेच ह्या लेखाचा विषय.

२

सॉफ्टवेअर ही खाजगी मालमत्ता आहे, ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते की ती आरंभापासूनच असावी असा समज होतो. तो चुकीचा आहे. १९५५ साली अमेरिकेत आयबीएमच्या यंत्रांचे ग्राहक ‘शेअर’ नावाची संघटना काढून एकमेकांना आज्ञावल्या देत होते. यंत्र विकत घेतले की सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर येई आणि त्याची संहिताही येई. सरकारी मक्तेदारीविरोधी खटल्याच्या छायेत आयबीएमने जून १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची वेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे विकण्याच्या धंद्याला तेव्हापासून वेग आला.

त्याच साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ह्या संगणक-प्रणालीचे काम सुरू केले. बेलची मालक कंपनी एटी अँड टी हिला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे दूरध्वनीखेरीज अन्य धंदा करण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र मोबदल्यात, मूळ संहितेसह मिळू लागले. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स ह्या अध्यापकाने १९७६ साली युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची संहिता आणि तिच्यावरील भाष्य अशी एक पोथीच विद्यार्थ्यांसाठी तयार केली. सुमारे नऊ हजार ओळींची ती संहिता ओळीओळीने समजून घेता येत होती. प्रत्यक्ष चालणारी एक अख्खी प्रणाली विद्यार्थ्याने वर्गात बसून वाचावी, ही संधी दुर्मीळ होती.

ती फार काळ टिकली नाही. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात वर्गात संहिता शिकवण्यास बंदी घालण्यात आली. लायन्स ह्यांचे भाष्य बाहेर कोणाला देता येईना. मग व्हायचे तेच झाले. विद्यार्थ्यांनी त्याच्या झेरॉक्स प्रती काढल्या; झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या; अक्षरे पुसट होत गेली तरी ते पुस्तक हातोहात फिरत राहिले. उघडपणे ते छापले गेले १९९६ साली, म्हणजे वीस वर्षांनी. संगणकशास्त्राच्या एका पिढीने आपला एक महत्त्वाचा ग्रंथ चोरून वाचला, ही ह्या इतिहासातील विसरू नये अशी नोंद आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स ह्या वीस वर्षांच्या तरुणाने संगणकाच्या हौशी मंडळींना एक खुले पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असा त्यात सरळ आरोप होता. आम्ही घेतलेल्या श्रमांचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, अशी तक्रार होती. श्रमाचे मोल मागणारे हे पत्र केवळ धनिकाचा कांगावा म्हणून उडवून लावता येणार नाही. पण ‘श्रमाचा मोबदला’ ही मागणी आणि ‘संहिता वाचण्यास बंदी’ हा उपाय, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढील काळात पहिलीच्या नावाखाली दुसरी रूढ झाली. १९८० साली अमेरिकेच्या कायद्याने सॉफ्टवेअरला स्पष्टपणे कॉपीराइटच्या कक्षेत आणले. १९८३ साली ‘ॲपल विरुद्ध फ्रँकलिन’ ह्या खटल्यात अपील न्यायालयाने असा निकाल दिला की, माणसाला न वाचता येणाऱ्या अंकरूपालाही हे संरक्षण लागू आहे. म्हणजे पुस्तक कुलपात ठेवायचे आणि लेखकाचे हक्कही पुरे घ्यायचे, अशी दुहेरी सोय झाली.

३

ह्या पार्श्वभूमीवर रिचर्ड स्टॉलमन ह्यांचे बंड समजून घेतले पाहिजे. स्टॉलमन १९७१ पासून अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करत होते. तेथील प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी स्वतः बदल करून, कागद अडकताच वापरणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना जाईल अशी व्यवस्था केली होती. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. तोही अडकत असे. पण त्याची संहिता मिळाली नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेले. त्याने नकार दिला. संहिता कोणालाही देणार नाही, अशा करारावर त्याने सही केली होती.

गोष्ट प्रिंटरच्या कागदाची, म्हणजे क्षुल्लक. परंतु क्षुल्लक गोष्टीतूनच व्यवस्थेचे खरे रूप ध्यानात येते. स्टॉलमन ह्यांना त्या नकारात एका माणसाचा उद्धटपणा दिसला नाही. आपल्या शेजाऱ्याला मदत करणार नाही, असे वचन माणसाकडून आधीच लिहून घेणारी रीत त्यांना दिसली. स्वतःवर तशी सही करण्याची वेळ येऊ द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, पण पूर्णपणे मुक्त अशी प्रणाली मुळापासून लिहून काढायची, हा संकल्प होता. आपल्या कामावर संस्थेने हक्क सांगू नये म्हणून जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी एमआयटीतील नोकरी सोडली. १९८५ साली ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन झाले. उपजीविकेसाठी ते आपल्या ‘इमॅक्स’ ह्या संपादन-आज्ञावलीच्या फिती १५० डॉलरला विकत. मुक्त वस्तू विकता येते. तिला मोफतच असावे लागत नाही. हा मुद्दा त्यांनी उक्तीआधी कृतीने मांडला.

त्यांनी चार स्वातंत्र्ये सांगितली आणि संगणकी रिवाजाप्रमाणे त्यांची मोजणी शून्यापासून केली. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने चालवण्याचे. ते अभ्यासण्याचे आणि बदलण्याचे. त्याच्या प्रती इतरांना देण्याचे. आणि आपण सुधारलेली आवृत्ती इतरांना देण्याचे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ह्या तीन शब्दांत मुक्त सॉफ्टवेअरचा सारांश येतो, असे स्टॉलमन आपल्या भाषणांत सांगत आले. वापरणारा स्वतःचा धनी, म्हणून स्वातंत्र्य. सर्वांना तेच हक्क, म्हणून समता. एकमेकांना मदत करण्याची मोकळीक, म्हणून बंधुता. ह्या तीन शब्दांचा आमच्या वाचकांना नव्याने परिचय करून देण्याची गरज नाही.

तत्त्व सांगणारे पुष्कळ असतात. त्याला कायद्याचे दात बसवणारा विरळा. १९८९ साली आलेला ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना हे स्टॉलमन ह्यांचे खरे कर्तृत्व होय. त्याने कॉपीराइट नाकारला नाही. तो हातात घेऊन उलटा फिरवला. लेखक म्हणतो : ह्या संहितेवर माझा हक्क आहे, आणि त्या हक्काच्या बळावर मी तुम्हांला चारही स्वातंत्र्ये देतो. अट एकच. तुम्ही ही संहिता, बदलून वा न बदलता, पुढे दिलीत तर घेणाऱ्यालाही तीच स्वातंत्र्ये द्यावी लागतील. अट मोडणाऱ्याची परवानगी संपते. म्हणजे कुंपण घालण्यासाठी केलेला कायदाच कुंपण घालण्यास आडवा आला. ह्या युक्तीला ‘कॉपीलेफ्ट’ असे नाव पडले. ती केवळ कागदी नाही, हे २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने ह्या परवान्याची अट ग्राह्य धरल्याने सिद्ध झाले.

तथापि, कोणाही व्यक्तीची आरती ओवाळणे हे इतिहासलेखकाचे काम नव्हे. हे स्वातंत्र्य ज्या वर्तुळात जन्मले ते श्रीमंत विद्यापीठांतील पुरुषांचे वर्तुळ होते. २००२ साली युरोपात झालेल्या एका पाहणीत मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १ टक्का आढळले. परवान्याने कोणालाही मज्जाव केला नव्हता. तरीही दार उघडे असणे आणि आत जाता येणे ह्यांत अंतर राहिले. एका लैंगिक शोषण प्रकरणासंबंधी केलेल्या विधानांवरून उठलेल्या वादळानंतर २०१९ साली खुद्द स्टॉलमन ह्यांना फाउंडेशनच्या अध्यक्षपदाचा राजीनामा द्यावा लागला. २०२१ साली ते संचालक मंडळावर परतले, तेव्हाही तीव्र विरोध झाला. विचाराचे मोल आणि तो मांडणाऱ्याचे वर्तन ह्यांची तपासणी वेगवेगळी करावी लागते, आणि दोन्हींची करावी लागते.

४

१९९० पर्यंत ग्नूचे बहुतेक भाग तयार झाले होते. प्रणालीचा गाभा तेवढा राहिला होता. तो अनपेक्षित ठिकाणाहून आला. युनिक्सची संहिता वर्गात शिकवता येईना म्हणून ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम ह्यांनी १९८७ साली मिनिक्स नावाची छोटी प्रणाली शिकवण्यासाठी लिहिली होती. हेलसिंकीचा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी तीवर शिकला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जाहीर केले की, आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत. ती ग्नूसारखी मोठी वगैरे होणार नाही. तीच लिनक्स. १९९२ साली त्याने ती जनरल पब्लिक लायसन्सखाली आणली आणि जगभरच्या अनोळखी माणसांचे हात तिला लागले.

येथवरची कथा विजयाची आहे. वळण आले १९९८ साली. जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याचे जाहीर केले. ३ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे काही मंडळी जमली. ‘फ्री’ ह्या शब्दाने कंपन्या बिचकतात, तेव्हा दुसरे नाव हवे, असे त्यांचे मत पडले. क्रिस्टीन पीटरसन ह्यांनी ‘ओपन सोर्स’ हे नाव सुचवले. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स ह्यांनी त्या नावाची संस्था काढली. नाव म्हणजे नुसती पाटी नसते. कोणी, कोणासाठी आणि कोणाला बरे वाटावे म्हणून ते ठेवले, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

दोन्ही नावांखाली येणारे परवाने जवळजवळ तेच आहेत. म्हणून ‘नावात काय आहे?’ असे विचारले जाते. फरक कारणात आहे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणते, संहिता वाचणे हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. ओपन सोर्स म्हणते, संहिता उघडी ठेवली की अनेक डोळे तिच्यावरून फिरतात आणि माल चांगला निपजतो. दुसरे म्हणणे खोटे नाही. पण ते अपुरे आहे. उद्या कुलूपबंद माल अधिक चांगला निघाला तर? हक्क उपयुक्ततेच्या जोरावर मागितला की उपयुक्तता संपते त्या दिवशी हक्कही संपतो. ज्यांना ‘तुम्हांला हक्क दिल्याने आमचा फायदा काय?’ असे विचारले गेले आहे, त्यांना ह्या तर्कातील धोका चटकन दिसेल. खुद्द पेरेन्स ह्यांनी वर्षभरातच, १९९९ साली, आता पुन्हा ‘मुक्त सॉफ्टवेअर’विषयी बोलण्याची वेळ आली आहे, असे लिहिले.

कंपन्यांना मात्र नवे नाव मानवले. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर ह्यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ साली, जेथे जगभरचे मुक्त प्रकल्प ठेवले जातात ती ‘गिटहब’ ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतली. २०१९ साली आयबीएमने लिनक्सवर उभ्या असलेल्या ‘रेड हॅट’साठी ३४ अब्ज डॉलर मोजले. नोव्हेंबर २०१७ च्या यादीपासून जगातील पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालत आले आहेत.

आणि श्रम करणाऱ्यांचे काय? एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. बँकांपासून दुकानांपर्यंत असंख्य संकेतस्थळांची गुप्तता ज्या ‘ओपनएसएसएल’ ह्या मुक्त सॉफ्टवेअरवर अवलंबून होती, त्याला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता. अनेक डोळ्यांचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या कंपन्यांचे डोळे तेथे वळलेच नव्हते. गेट्सच्या पत्रातील श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न असा अडतीस वर्षांनी उलट बाजूने परत आला. संहिता मुक्त होती. ती लिहिणाऱ्याचे श्रम मात्र मोफत धरले गेले होते.

५

संहिता उघडी झाल्यावर ताबा दुसरीकडे सरकला. ‘टिवो’ हे अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे कार्यक्रम साठवणारे यंत्र लिनक्सवर चालत असे. कंपनी परवान्याप्रमाणे संहिताही देई. पण ती बदलून कोणी यंत्रात घातली, तर यंत्र चालण्यास नकार देई. कंपनीची डिजिटल सही असलेलीच संहिता त्याला मान्य होती. वाचायला मिळाले, बदलायलाही मिळाले, केवळ बदललेले वापरता येत नव्हते. ह्या पळवाटेला आळा घालण्यासाठी २००७ साली परवान्याची तिसरी आवृत्ती काढावी लागली. टोरवाल्ड्स ह्यांनी ती लिनक्सला लावण्यास नकार दिला आणि लिनक्स दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले.

कुलपाच्या रक्षणासाठी कायदाही आला. १९९८ च्या अमेरिकी कायद्याने डिजिटल कुलूप तोडणे, आणि तोडण्याचे साधन इतरांना देणे, हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. १९९९ साली नॉर्वेचा पंधरा वर्षांचा योन लेक योहानसेन ह्याने इतरांच्या साथीने डीव्हीडीचे कुलूप उघडणारी छोटी आज्ञावली प्रसिद्ध केली. विकत घेतलेली चकती आपल्या लिनक्स संगणकावर पाहता यावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर फौजदारी खटला झाला. २००३ साली नॉर्वेच्या न्यायालयांनी त्याला दोनदा निर्दोष ठरवले : स्वतःच्या वस्तूचे कुलूप उघडणे म्हणजे घरफोडी नव्हे.

पुस्तकाचीही सुटका नव्हती. स्टॉलमन ह्यांनी १९९७ साली ‘वाचण्याचा हक्क’ ह्या अर्थाच्या शीर्षकाची एक काल्पनिक कथा लिहिली. तीत मित्राला आपले पुस्तक वाचायला देणे हा गुन्हा ठरलेला आहे. तेव्हा ती अतिरंजित वाटली. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडल वाचनयंत्रांतून विकत घेतलेली पुस्तके दुरूनच पुसून टाकली. पुस्तके विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, हे कारण देण्यात आले. पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेल ह्यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ होती. कंपनीने माफी मागितली. परंतु घरात ठेवलेल्या पुस्तकावर दुकानदाराचा हात पोचतो, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

६

आता आपल्या घराकडे वळू. २००१ साली तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतीय शाखा सुरू झाली, स्टॉलमन तेव्हा तेथे आले होते. केरळने पुढे शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. मराठीतील अनुभव अधिक बोलका आहे. नव्वदीच्या दशकात आपली नियतकालिके खिळ्यांकडून संगणकावर आली. प्रत्येक फाँटची मांडणी ज्याची त्याची होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग दिसे. सॉफ्टवेअर जुने झाले, चावी देणारे डोंगल हरवले आणि अनेक छोट्या नियतकालिकांच्या अंकांच्या फायली न उघडणाऱ्या पेट्या होऊन बसल्या. मजकूर आपला, भाषा आपली, श्रम आपले. चावी मात्र दुसऱ्याची. युनिकोड ही सर्वांसाठी जाहीर असलेली सामाईक मांडणी रूढ झाल्यावर आणि ‘लोहित’सारखे मुक्त फाँट आल्यावर ही कोंडी फुटली. ज्यांचा छापील अंक शिल्लक राहिला ते वाचले.

मोफत आणि मुक्त ह्यांचा सामना आपल्या देशात उघडपणे झाला तो २०१५-१६ साली. फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना आणली. गरिबाला इंटरनेट मोफत मिळेल, असे सांगितले गेले. मिळणार होती ती फेसबुकच्या अटी मानणारी काही संकेतस्थळे. पानपानभर जाहिराती झाल्या. ‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे’ हा युक्तिवाद होता, आणि तो पोट भरलेल्या माणसाने थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण ते ‘काहीतरी’ कोणते, हे घेणाऱ्याने ठरवायचे की देणाऱ्याने? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली आणि ही योजना भारतातून गेली.

मात्र तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. आज ऊसतोडीला निघालेल्या मजुराच्या खिशातील स्वस्त अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे. स्टॉलमन ह्यांचा परवाना त्याच्या खिशापर्यंत पोचला आहे. चार स्वातंत्र्ये पोचलेली नाहीत. तो फोन त्याच्याविषयीची माहिती कोणाला पाठवतो, हे त्याला वाचता येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो तेव्हा खिडकीपलीकडचा कारकून म्हणतो, “सिस्टिम घेत नाही.” कारकुनाशी भांडता येते, साहेबाकडे दाद मागता येते; न वाचता येणाऱ्या नियमाशी भांडायचे कसे?

सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यावे, असे केंद्र सरकारचे धोरण २०१५ सालीच जाहीर झाले आहे. त्यापुढचे पाऊल आपण मागितले पाहिजे. ज्या सॉफ्टवेअरच्या निर्णयावर माणसाचे रेशन आणि मुलाचे शिक्षण अवलंबून आहे, त्याची संहिता लोकांसमोर आली पाहिजे. प्रत्येकाला ती वाचता येणार नाही, हे खरे. कायद्याचे पुस्तकही प्रत्येकाला वाचता येत नाही. म्हणून कोणी कायदा गुप्त ठेवण्याची मागणी करत नाही. आपल्यातल्या एकाला वाचता आले, तर तो दहा जणांना सांगेल. त्यासाठी ती आधी वाचायला मिळाली पाहिजे; मोफत नसली तरी चालेल.